हिराबाईंचं एका ओळीचं उत्तर

शेल्टरमध्ये काम केलं की कपड्यांना केस चिकटतात आणि डोक्यात किस्से. केस निदान धुतले की जातात!

आमचं शेल्टर मुळशीत, माले गावाच्या अलीकडे. ‘नो-किल’ म्हणजे काय, तर जागा नाही किंवा कुणी दत्तक घेत नाही, एवढ्यासाठी आम्ही कुठल्याही प्राण्याला मारत नाही. हे मी फोनवर दहा मिनिटं समजावते. कुत्र्यांचं जेवण रांधणाऱ्या हिराबाई चुलीपासूनच ओरडतात, "हितं कुनालाच मारत न्हाईत!" झालं काम.

*

भुकूमचं एक जोडपं लॅब्रॅडॉर घेऊन आलं. त्यानं नवा सोफा फाडला होता. "तुम्ही नो-किल ना, मग याला इथंच ठेवा. म्हणजे आम्हाला गिल्ट नाही," साहेब म्हणाले.

एकही पिंजरा रिकामा नव्हता. मी परोपरीनं सांगितलं, ते ऐकेनात. शेवटी हिराबाई पळी घेऊनच आल्या. "सोफा हितं सोडा, कुत्रं घरी न्या!"

कुत्रं घरी गेलं. सोफा अजून आलेला नाही.

*

मालेचे एक शेतकरी जत्रेच्या आदल्या दिवशी पिशवीतून कोंबडा घेऊन आले. "पोरगी रडतीया, ह्याला कापू नका म्हनती. जत्रेला दुसरा आनतो, पर ह्याला ठिवा!"

ठेवला. आता तो रोज सकाळी भिंतीवर बसून हिराबाईंचं पातेलं बघतो. पातेल्यात काय? कोंबडीचे पाय! कुत्र्यांना वरणभात किती दिवस घालणार?

एकदा हिंजवडीच्या कंपनीतल्या मॅडम आल्या. त्यांनी कोंबडा बघितला, मग पातेलं बघितलं. "नो-किल ना? मग हे काय?"

मी चुलीकडे बघितलं. हिराबाई शांतपणे म्हणाल्या, "ते आलं तवाच मेल्यालं व्हतं!"

*

सरपंच म्हणजे आमच्या फाटकाशी बसणारा म्हातारा काळा कुत्रा. इतक्या वर्षांत त्याला कुणी नेलं नाही. पातेलं उतरलं की पहिला पाय सरपंचाचा, हा हिराबाईंचा नियम.

यंदा त्याच्या पोटात गाठ निघाली. औषधानंही कळा थांबेनात. डॉक्टर म्हणाले, "आता इंजेक्शन देऊन शांत झोपवू. बरा होणारच नाही, नुसता त्रास आहे. नो-किलमध्येही हे बसतं, ताई." मला ते पटत होतं, पण हिराबाईंना सांगायची भीती वाटत होती.

त्या भडकल्याच. "समद्या गावाला सांगितलंय मी, हितं मारत न्हाईत म्हनून!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला पाय निववून सरपंचापुढे धरला. त्यानं वास घेतला आणि मान फिरवली. हिराबाईंनी तो पाय परत पातेल्यात ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, डाक्टरांना फोन लावा."

इंजेक्शन दिलं तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मी रडले. त्या त्याचे कान खाजवत होत्या.

चार दिवसांनी फाटकाशी एक आजोबा आले. "इथं खरंच कुणाला मारत नाहीत का हो?"

मी सवयीनं चुलीकडे बघितलं. हिराबाईंनी पळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि त्या फाटकापर्यंत चालत गेल्या.

"आत या, बाबा. बसा. सांगायला येळ लागंल."