बांधिलकीचं प्रात्यक्षिक

“ऊठ,” सरपंच म्हणाले. मी उठलो.

“बस.” बसलो.

भरलं सभागृह हसलं.

तालुक्याच्या गावी, कन्नडला, पंचायत समितीचं प्रशिक्षण होतं. विषय नेतृत्वशैली आणि कर्मचाऱ्यांची बांधिलकी. शहरातून आलेले व्याख्याते पडद्यावर नेतृत्वाचे प्रकार दाखवत होते. आमचे सरपंच त्यातल्या कुठल्याच प्रकारात बसेनात. त्यांनी माईक ओढून घेतला होता.

“पडद्यावर काय बघायचं सर? ह्यो बघा. आमचा पाणी सोडणारा. बौद्धवाड्यातला हाय, पण लई इमानी.”

त्या ‘पण’वर कुणीच दचकलं नाही. मीही नाही. सवय असते.

सरपंच माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. मी बी.ए. झालेला, कित्येक वर्षं गावाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवतोय, तोही हंगामी म्हणून. मला कायम करायचा ठराव त्यांच्या हातात. म्हणून तर उठलो होतो.

“आता पुन्हा ऊठ.”

पाय हलले नाहीत. धाडस वगैरे काही नव्हतं.

“अय, ऐकू येईना का?”

“येतंय. उठणार नाय.”

हसू थांबलं. व्याख्यात्यांनी घाईनं पुढचं चित्र लावलं. संघभावना.

संध्याकाळी ग्रामसेवक घरी आले. माणूस वाईट नाही, फक्त भित्रा. “भाऊ, चारचौघांत सरपंचांच्या पाया पडून टाका. सोमवारच्या बैठकीत ठराव घेतो म्हणलेत. नाय तर कामावरनं काढतील. मग मला काय बोलता येणार नाय.”

ते गेल्यावर आई म्हणाली, “पड की बाबा. माझी सारी उमर त्याच्या आज्याच्या पाया पडण्यात गेली. तू एकदाच पड.”

ती समजूत घालत होती. मला मात्र जेवण गेलं नाही.

सोमवारी ठराव आलाच नाही. विषय पुढं ढकलला, एवढंच कळलं. मी अजून पाणी सोडतो. सरपंचांच्या गल्लीतही सोडतो. ते माझं काम आहे. उद्या काढलं तर कुठं जाणार, माहीत नाही. दाद मागायची तरी कुणाकडं? अर्ज सरपंचांमार्फतच जातो.

पण आमच्या घराच्या वाट्याचं वाकणं आईनं वाकून संपवलंय. हंगामीच मरेन. त्या पायांवर माझं डोकं जाणार नाही.