लाट आली की ढोल

नाट्यगृहात सगळे तिला चित्रवाली म्हणत. नर्तक रंगमंचावर नाचत असताना मागच्या मोठ्या पडद्यावर लाटा, जंगल, आग अशी दृश्यं लॅपटॉपवरून तिथल्या तिथे मिसळत राहणं, हे तिचं काम. त्या सॉफ्टवेअरवर तिची बोटं अशी चालत की नवरा म्हणायचा, "घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाही हिला, आणि इथे बघा!"

स्वभावानं मात्र पक्की संशयी. शेजारणीनं वाटी परत केली तरी ती आपलीच आहे का, हे आधी उलटीसुलटी करून बघणार.

या वेळी संशयाला कारणही होतं. व्यवस्थापक बोलून गेला होता, "पडद्याचं एकदा रेकॉर्ड करून ठेवलं, तर रोज माणूस कशाला हवा?" आणि लगेच तिला मामा सापडला. सख्खा मामा, प्रेक्षकांच्या मागे तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा साउंडवाला. त्यानंच तिला इथे चिकटवलं होतं. तालमीनंतर तो तिच्या दृश्यांचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवून घेत होता. ती दिसताच पेनड्राइव्ह खिशात गेला आणि मामा दाराकडे वळला.

"काय चाललंय रे मामा?"

तो न वळताच बाहेर पडला. हल्ली त्याचं असंच होतं. मागून हाक मारली तरी मान वळवायचा नाही, काही विचारलं तर "हो हो" करून सटकायचा. एरवी आवाज असा, की कुजबुजला तरी तिकीट खिडकीवर ऐकू जावं. मामा फितूर झाला, असं तिनं धरूनच टाकलं. आधी रडू आलं, मग डोकं तडकलं.

रेकॉर्डिंग कुचकामी करायचं, एवढंच तिनं ठरवलं. रोज गाणं संपलं की येणारी पांढरी लाट तिनं प्रयोगात गाण्याच्या मध्येच सोडली. बसा म्हणावं आता जुळवत!

त्याच क्षणी ढोल धडाडला. ढोलवाला हलक्या हातानं नुसता ठेका धरून होता. मामानं त्याचा माइक पुरता उघडला होता. गायिकेचा आवाज बुडाला, नर्तकांची पावलं चुकली. मामा मात्र निवांत पडद्याकडे बघत पुढच्या दृश्याची वाट पाहत होता. तिनं झेप घेऊन माइक बंद केला.

मध्यंतरात तिनं त्याला आपल्याकडे वळवलं. "मामा, तुला ऐकू येत नाही?"

मामानं तिचे ओठ वाचले आणि तिच्या कानाशी वाकला. त्याच्या पाठीमागे व्यवस्थापक तणतणत दाराशी पोचला होता.

"कुणाला बोलू नकोस," मामा म्हणाला, त्याच्या मते अगदी हळू. "कान गेले माझे. तुझी लाट आली की मी ढोल उघडतो. घरी तुझी चित्रं लावून पाठ करतो गं. तू आहेस तोवर निभेल."

तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला. व्यवस्थापक जागीच थबकला होता. मागच्या रांगेतली माणसंही वळून बघत होती.

मामानं तिचा हात हलकेच बाजूला केला. "अगं, घाबरतेस काय? कुणी ऐकलं नाही."