वाकडी पाकळी

मी हातानं केलेलं भेटकार्ड दिलं की माणसं आधी ते उलटं करून पाहतात. मागे किमतीचं लेबल खरवडलंय का, याचा तो शोध असतो. "तूच केलंस?" या प्रश्नात कौतुक कमी, उलटतपासणी जास्त. हाताचं काम म्हणजे थोडं चुकलेलंच असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. म्हणून या वेळी वहिनीच्या वाढदिवसाला कार्डावरच्या कागदी फुलाची एक पाकळी मी मुद्दाम वाकडी चिकटवली.

वहिनीनं त्या पाकळीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "हल्ली दुकानात अशी वाकडी चिकटवलेलीही मिळतात, नाही?"

मी ताट पुढे ओढलं, तिनं वाढलेली पुरणपोळी उलटी करून पाहिली आणि विचारलं, "तूच केलीस?"