अत्तरदे सरांचं भरीत

कांचन झोपे लेडीज रूममधल्या लांब बाकावर आडवी होते, ती नुसती पाठ टेकायला. दुपार आहे. पोरं डबे खायला बाहेर पांगलीत, पंखा करकरत फिरतोय. मधली सुट्टी संपली की तिला पहिल्या वर्षाच्या वर्गावर अकाउंट्स शिकवायला उभं राहायचंय.

ती स्वतः अजून तिसऱ्या वर्षाला. पण तालुक्याच्या ह्या छोट्याशा कॉलेजात अकाउंट्सला होता एकच माणूस, अत्तरदे सर, आणि ते श्रावणात गेले. नवीन सर दिवाळीशिवाय येत नाहीत. पहिल्या वर्षाची पोरं दाखले मागायला लागली, जळगावला जातो म्हणाली. पोरं गेली की कॉमर्सची तुकडीच बंद. तेव्हा प्राचार्य मॅडमनी कांचनला बोलावून घेतलं.

"सरांच्या हाताखाली तयार झालेली तूच आहेस. तोवर तू तास घेशील का?"

तिच्या तोंडून "हो मॅडम" निघून गेलं, आणि तेव्हापासून ती पहिलं वाक्यच शोधतेय.

सुरुवात कुठून करावी? डेबिटपासून? की आधी स्वतःचं नाव सांगावं? ती मनातल्या मनात घोळवत राहते. पंख्याची करकर लांब जाते, जवळ येते, पुन्हा लांब जाते.

"झोपे झोपल्या!"

तिच्या आडनावावर हा विनोद अख्ख्या कॉलेजात एकच माणूस करायचा. कांचन उठून बसते. दारात अत्तरदे सर उभे आहेत. तोच पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि कमरेवर टोपली. टोपलीत भरताची वांगी, हिरवी, टपोरी, देठासकट.

"सर, तुम्ही?"

"मग कोण?"

"पण तुम्ही तर..."

"गेलो. माहिती आहे मला. बघत काय राहिली? टोपलीला हात लाव."

आपण घाबरायला हवं, असं तिला वाटतं खरं, पण भीती काही येत नाही. दोघं टोपली धरून व्हरांड्यातून चालू लागतात. नोटीस बोर्ड, ऑफिस, पाण्याची टाकी. पायाखालची फरशी मऊ लागते म्हणून ती खाली बघते, तर ओली काळी माती आहे आणि कडेनं पाटाचं पाणी वाहतंय. दोन्ही बाजूंना वर्गांऐवजी केळीच्या रांगा. हे सरांचं शेत. दर हिवाळ्यात सर कॉमर्सच्या सगळ्या पोरांना इथं भरीत खायला आणायचे. फक्त मधोमध, दोन केळींच्या आधारानं, कॉलेजातला फळा उभा आहे.

सर कपाशीच्या वाळलेल्या काड्या रचतात आणि वांगी त्यात खुपसतात. जाळ भडकतो. वांग्यांची सालं तडतडायला लागतात.

कांचन हळूच विचारते, "सर, खूप त्रास झाला का हो? म्हणजे, जाताना?"

"छे! झोपेत गेलो. तुझ्या आडनावात गेलो म्हण ना."

आणि स्वतःच्याच विनोदावर सर नेहमीसारखे खांदे हलवून हसतात. कांचनलाही हसू आवरत नाही.

"आज तुझा तास आहे म्हणे," ते काडीनं वांगं उलटं करत म्हणतात.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गावभर झालंय. आमच्याकडेबी."

"मला नाही जमणार सर. लोकांसमोर उभी राहिले की माझा आवाजच बसतो. सेमिनारचं आठवतं ना? नाव सांगितलं आणि खाली बसले."

"आठवतं. पण नाव फर्स्ट क्लास सांगितलं होतं तू."

सर जाळातून वांगी काढून तिच्यापुढे टाकतात. "सोल." मग बांधावर जाऊन मांडी घालून बसतात, केस कपाळावर ओढतात, तोंड वाकडं करतात. "मी पहिल्या वर्षाचा ढ पोरगा. मॅडम, ते डेबिट म्हंजे काय असते वो?"

चटके बसतायत, तरी ती बोटांनी काळी सालं ओढून काढते. "जे येतं ते डेबिट, जे जातं ते क्रेडिट."

"काहून?"

"नियम आहे."

"मले नियम नका सांगू. वांगं सांगा."

कांचन हातातल्या वाफाळत्या वांग्याकडे बघते. "बरं. शेजारच्या काकूंनी तुम्हाला टोपलीभर वांगी दिली. तुम्ही त्यांना केळीचा घड दिला. तुमच्या घरात आलं काय?"

"वांगं."

"आणि गेलं काय?"

"केळं."

"झालं तर! आलं ते डावीकडे लिहायचं, गेलं ते उजवीकडे."

"एकाच गोष्टीसाठी दोनदा लिव्हायचं? कागद वाया जातो ना मॅडम."

"अहो, नुसती वांगीच लिहिलीत, तर संध्याकाळी आई विचारेल, घरातला घड कुठं गेला? मग काय सांगाल?"

"आई मारीन?"

"लाटण्यानं!"

सर बांधावरच आडवे होऊन हसतात. कांचनच्या आवाजानं केळीतून पोपटांचा थवाच्या थवा उठतो, आणि तेव्हा कुठं तिच्या लक्षात येतं की ती फळ्यापुढे उभी आहे, हात उंच करून, आणि आवाज पार शेताच्या टोकापर्यंत पोचतोय.

ती खाली बसते. दोघं मिळून उरलेली वांगी सोलतात.

"सर, तुम्ही सांगायचात, एक बाजू असली की दुसरी असतेच. मग तुम्ही गेलात, त्याच्या दुसऱ्या बाजूला काय लिहायचं?"

सर बोटांवर फुंकर घालतात. "मी अकाउंट्स शिकवतो कांचन, कीर्तन नाही करत. मिरच्या दे इकडे."

ती हसते, आणि डोळे भरून येतात ते धुरानं, असं स्वतःला सांगते. सर वांगी लाकडी बडगीत टाकतात, वर हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात. मुसळाचे ठोके पडतात. वास असा सुटतो की केळीसुद्धा पुढे वाकल्यासारख्या वाटतात.

"मीठ बघ गं जरा."

ती बोट पुढे करते, तोच कुठूनतरी हाक येते. "ताई!"

"जा," सर म्हणतात.

"एक घास तरी..."

"पोरं बसलीत ना वर्गात. त्यांना ताटकळत ठेवायचं नाही. पळ!"

"ताई, ओ ताई!"

पंखा करकरतोय. लेडीज रूमच्या दारात पहिल्या वर्षाची यामिनी उभी आहे, दोन वेण्या घातलेली.

"सगळे बसलेत ताई. मॅडम म्हणाल्या, बघून ये."

कांचन उठते, ओढणी सारखी करते आणि थबकते. तिची बोटं काळी झालीत. नखांत जळक्या सालीचे कण रुतून बसलेत.

यामिनी नाक वर करून हुंगते. "ताई, डब्यात भरीत आणलंय का? काय मस्त वास सुटलाय!"

"नाही गं."

"मग येतोय कुठून?"

कांचन बोटं नाकाशी नेते. काड्यांचा धूर, हिरवी मिरची, लसूण. ती इतक्या मोठ्यानं हसते की व्हरांड्यातून जाणारे शिपाईमामा वळून बघतात.

"चल," ती यामिनीला म्हणते, "वर्गात सांगते."