वडिलांची अर्धी दाढ

महाराष्ट्र राज्य नवं झालं त्या सुमारास वडिलांच्या तोंडात एकमेकींना टेकणाऱ्या दोनच दाढा उरल्या होत्या, वरची एक आणि खालची एक. तेवढ्यावर ते भाकर चावत. मग खालचीच्या मुळाशी पू झाला.

धाडहून मलकापूरला जाताना एस.टी.त ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. तोंडाला मेलेल्या उंदराचा वास. मी खिडकीकडे वळलो. जन्मदात्याची किळस यावी याची लाज वाटत होती; पण किळस येतच होती.

दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढून दाखवला. दाढेला दोन मुळं. मागचं कुजलेलं, पुढचं शाबूत.

"काढून टाकली की सुटलात," ते म्हणाले. "ठेवायची तर हिरडी उघडून मुळाचं नुसतं टोक छाटतात, पण हे मूळ त्यापलीकडे गेलंय. दाढ मधोमध कापून मागचा भाग मुळासकट काढू. पुढच्या मुळातली नस काढून ते भरू. जखम मात्र रोज कुणीतरी धुवायला पाहिजे."

"काढूनच टाका," मी म्हणालो. "घरी दुधात काला करून देऊ."

"मी काय लेकरू हाओ?" वडील खवळले. "कापा, डाक्तरसाहेब. हा पोरगा धुईन."

त्यांचे हात थरथरत. रोज सकाळी मी त्यांचा गाल बोटानं ओढून धरायचो आणि मिठाच्या कोमट पाण्याची पिचकारी काढलेल्या मुळाच्या खड्ड्यात मारायचो. आतून भाताचं शीत, रक्ताचा धागा, पिवळट बुळबुळीत काहीतरी माझ्या मनगटावर ओघळायचं. एकदा मी तिथंच ओकलो.

"तुह्या मायनं तुहा गू काढला, ते नाही वकली कधी!"

"तुमी तं नाही काढला ना, बा."

मला तसं बोलल्याचं वाईट वाटलं, आणि हात धुवायची घाईही झाली.

जखम भरली. अर्धी दाढ घट्ट राहिली. त्या दिवशी त्यांनी कडक भाकर मागितली आणि ठेच्याला लावून चावली. तुकडा रिकाम्या जागेत अडकला की बोट घालून काढत, निरखून पाहत आणि पुन्हा तोंडात टाकत. दाढ वाचल्याचा आनंद मला खरंच झाला होता. तरी ते पाहवेना म्हणून मी ताट घेऊन उठलो.

"जाय, तिकडं बस," ते चावता चावता म्हणाले. "तुह्या तोंडाकडं पाहून मलेबी जेवन जात नाही."