दस्तगीर नालबंदाची चौकशी

दस्तगीर नालबंदाच्या बापाचा आणि आज्याचा जन्म बैलांच्या खुरांना पत्र्या, म्हणजे नाल, मारण्यातच गेला. आता ट्रॅक्टर आले, बैल घटले, तरी भोंगवलीपासून पासलीपर्यंत मोटारसायकलला हत्यारांची पिशवी अडकवून हा साठीचा माणूस फिरतोच. त्याची एक खोड होती. बैल पाडून पाय बांधले की तो धन्याला तिथून हाकलायचा. धनी दिसला की बैल उठायला धडपडतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

ह्या खोडीनंच घात केला. भोंगवलीच्या रस्त्याकडेला त्यानं कोंडिबाचा बैल पाडला आणि कोंडिबाला घरी धाडलं. पुढच्या दोन पायांना पत्र्या मारून झाल्या, तोच पोलिसांची गाडी थांबली. बांधलेला बैल, शेजारी खूर तासायची धारदार पटाशी, आणि विचारल्यावर सांगितलेलं नाव. तेवढं त्यांना पुरलं. नव्या पत्र्या समोर चमकत होत्या, पण बघायला वाकायचं कोण? बैलाचे दोर तेवढे सोडू दिले, हीच मेहेरबानी.

ठाण्यात एकच प्रश्न, फिरून फिरून. "कत्तलीला किती जनावरं दिलीस?" चाळीस वर्षांत ज्यानं खुरातून रक्ताचा थेंब येऊ दिला नाही, त्याला हे विचारत होते! त्याला कोठडीची भीती नव्हती. उद्या कोणी आपल्याला गोठ्यात उभं करील का, हाच विचार त्याचं काळीज पोखरत होता.

दिवस कलायच्या आत कोंडिबा आला. डांबरी सडकेनं बैल चालवतच आणला होता त्यानं. मागच्या पायांनी लंगडणाऱ्या त्या जनावराचा पुढचा पाय उचलून त्यानं साहेबांना पत्र्या दाखवल्या.

"जा रे म्हाताऱ्या," साहेब हसून म्हणाले. "गैरसमज झाला. मनावर घेऊ नकोस."

दस्तगीर उठला नाही. "साहेब, हाच बैल ह्या कोंडिबानं पाडला असता, पटाशी त्याच्या हातात असती, तर त्याला आणलं असतं व्हय हितं?"

साहेबांनी कागद पुढं ओढले. उत्तर दिलं ते कोंडिबानं, खाली मान घालून. "न्हाई, दस्तूभाई. मला रामराम करून पुढं गेलं असतं."

बाहेर आल्यावर दस्तगीरनं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "मागचं पाय दुसऱ्या कुणाकडनं मारून घे, कोंडिबा. माजा हात आता धजायचा न्हाई."