चाच्याच्या कोटाची रजियाबी

रजियाबीची आणि माझी ओळख ॲसिडच्या भोकांमुळे झाली. अकोल्याच्या एका कॉलेजात मी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. प्रॅक्टिकलला मुलं ॲसिड सांडायची, माझ्या पांढऱ्या कोटाला भोकं पडायची, आणि जुन्या शहरातली ही बाई ती अशी रफू करायची की दुसऱ्या दिवशी मलाच सापडत नसत. कोटाच्याच आतल्या शिवणीतून दोरा उपसून काढायची आणि त्याच दोऱ्यानं भोक विणायची. जीभ मात्र कडू. "मॅडम, पोरायले शिकवता का सोताच्या अंगावर फवारा मारून घेता?" हे ती मला बोललेलं पहिलं वाक्य.

तिचा नवरा फारुख बँडवाल्यांचे कोट शिवायचा. लाल बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, सोनेरी गोंडे, खांद्यावर झालर. हे कोट दिसायला भडक असले तरी शिवायला सोपे नसतात. वरातीत तीन तास क्लॅरनेट तोंडाशी धरून चालायचं, तर हात वर केल्यावर कोट पोटावर चढता कामा नये. सगळी करामत बाहीच्या कटिंगमध्ये. शेवटची दहा वर्षं फारुखचे हात थरथरायचे. तो गळ्यात टेप घालून दुकानात पुढे बसायचा आणि मागच्या खोलीत रजियाबी कापड कापायची. गिऱ्हाइकांना हे कधी कळलं नाही.

फारुख गेला. तेव्हा ती एक नवा कोट शिवून अकोटच्या केशवराव बँडवाल्यांकडे घेऊन गेली. केशवरावांनी कोट हातातही घेतला नाही. "भाभी, रफू तुमचंच. कोट मातर मास्तरच्या हातचा पाह्यजे. बाईले कटिंग जमत नाई." स्वतःच्या अंगात तिनेच कापलेला कोट घालून बोलत होते हो!

मी म्हटलं, "मग सांगायचं ना त्यांना तोंडावर!"

"काय सांगू? मेल्या माणसाची मास्तरकी काढून घेऊ?"

कोट ट्रंकेत गेला. बाई पुन्हा भोकं बुजवायला लागली. पण तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. एक कोट, फक्त एक, तिच्या नावानं बाहेर पडायला हवा होता.

आता रोहित. हा माझ्या बहिणीचा मुलगा, अमरावतीला राहतो, कॉम्प्युटरमधली बरी नोकरी आहे, वय एकोणतीस. गेली तीन वर्षं त्याला आणि त्याच्या सहा मित्रांना तीनशे वर्षांपूर्वीचे समुद्री चाचे होण्याचं वेड लागलंय. टोळीचं नाव 'सात समुद्र'. समुद्र अमरावतीपासून आगगाडीनं एक रात्र लांब. हे लोक रविवारी तलावाच्या काठी जमतात, तिकोनी टोप्या घालतात, बोथट तलवारी आपटतात आणि लाकडी पिस्तुलं एकमेकांवर रोखून ओरडतात. बेचाळीस अंशांच्या उन्हात लोकरीचे कपडे! मागच्या मे महिन्यात एक जण भोवळ येऊन पडला, तर बाकीच्यांनी त्याचे फोटो काढले. मेलेला चाचा म्हणून.

मुळात चाचे म्हणजे कोण? पाण्यावरचे दरोडेखोर. जहाजं लुटायची, माणसं धरून विकायची. त्यांचं सोंग हौसेनं घ्यायचं? मी रोहितला विचारलं, तर म्हणतो, "मावशी, हा इतिहासाचा अभ्यास आहे."

अभ्यास कसला, तर दहा-दहा दिवस आंघोळ नाही. एकानं दातांना कोळसा फासला होता. दुसऱ्यानं कपड्यांना जहाजासारखा वास यावा म्हणून त्यांना माशाचं तेल चोळलं होतं. रोहित स्वतः दगडासारखी वाळकी बिस्किटं डब्यात ठेवून त्यांत किडे होण्याची वाट बघत होता. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात! मी तो डबा उचलला आणि बाहेर नेऊन रिकामा केला, तर हा घोडा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

जानेवारीत कोकणात किनाऱ्यावर अशा सगळ्या टोळ्यांचा मेळावा भरणार होता. मुंबई, गोवा, बेंगळुरूहून लोक येणार होते. तिथे लढाईत उतरण्याआधी सामानाची तपासणी होते म्हणे. भिंग लावून टाके बघतात. मशीनचा टाका चालत नाही, चेन चालत नाही, नायलॉनचा धागा सापडला तर माणूस बाहेर. रोहितनं इंटरनेटवरून मागवलेला कोट आदल्या वर्षी तिथे नापास झाला होता आणि त्याला किनाऱ्यावर पाव विकणारा होऊन बसावं लागलं होतं. त्याचं दुःख तो अजून उगाळत होता.

मीच म्हटलं, "रजियाबीकडे चल." चूक माझीच.

तिने त्याच्या मोबाइलवर ते चित्र पाहिलं. गुडघ्यापर्यंत कोट, मोठाल्या दुमडलेल्या बाह्या, तीस पितळी बटणं.

"हा तं बँडचाच कोट हाय. फकत लांब हाय," ती म्हणाली. "वाजवते काय हा?"

"वाजवत नाही आपा, तलवार चालवतो," रोहित म्हणाला.

"म्हंजे हात वरच राह्यते ना? मंग झालं."

"पण सगळं हातानं शिवावं लागेल. एकही टाका मशीनचा नाही. हा पास झाला तर टोळीचे सातही कोट तुमीच शिवायचे. शब्द देतो."

रजियाबीनं सुईत दोरा ओवता ओवता मान वर केली. "सात?"

"सात."

दोन महिने लागले तिला. निळी बनात, आत खादीचं अस्तर, बटणांची काजं मोजून टाके घातल्यासारखी. दिवाळीनंतर रोहित न्यायला आला, अंगात घातला, दोन्ही हात डोक्यावर नेले. कोट जागचा हलला नाही. रजियाबी त्याच्याभोवती फिरली, पाठीवरून हात फिरवला आणि एकदाच "हं" म्हणाली. तिचं एवढं खूश होणं मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं मी अमरावतीला बहिणीच्या गच्चीवर डोळ्यांनी पाहिलं. डिसेंबरचा रविवार. सातही जण गोल बसले होते आणि मध्ये तो कोट. त्यांच्या भाषेत त्याला 'जुना करणं' म्हणतात. एकानं त्यावर चहाचा चोथा ओतला. एकानं ब्लेडनं छातीवर तीन उभे चिरे मारले. रोहितनं पाठीत भोक पाडून त्याच्या कडा उदबत्तीनं जाळल्या, मग पोस्टर कलरचं लाल रक्त. शेवटी गच्चीवरच्या कुंड्यांतला चिखल ओतून कोट त्यात तुडवला, बुटांनी, नाचत नाचत.

"अरे, दोन महिने बसली होती ती बाई!" मी ओरडले.

"मावशी, नवा कोट घालून गेलो तर लोक हसतात. चाच्याकडे नवा कोट असतो का?"

"चोरलेला असू शकतो ना नवा!"

यावर सातही जण विचारात पडले, पण तोवर कोटाचं व्हायचं ते झालं होतं. मी खाली आले आणि जेवले नाही.

नाचताना दोन बटणं तुटली. मेळाव्याला आठवडा होता. रोहितनं कोट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला आणि मी अकोल्याला परत निघाले तेव्हा माझ्या हातात दिला. "आपांना सांग, एवढी दोन बटणं लावून ठेवा. आम्ही अकोल्याहूनच गाडी धरणार आहोत." एसटीत त्या पिशवीचा असा वास मारत होता की मूर्तिजापूरला शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. रिक्षा दारात उभी ठेवून मी पिशवी रजियाबीच्या हातात दिली, "बटणं लावायची आहेत," एवढं म्हटलं आणि पळाले. कोट कसा झालाय हे सांगायची मला लाज वाटली. सरळ सांगते, लाज वाटली.

आठवड्यानं रोहितबरोबर मीही तिच्या घरी गेले. दुपारचे दोन वाजले होते, गाडी संध्याकाळी होती. रजियाबी दारातच त्याला वरपासून खालपर्यंत बघायला लागली.

"बरा हायेस ना रे बाप्पा? किती टाके पडले?"

"कोणाले?"

"तुलेच! अन् गाडी कोन चालवत होतं? मी तं मॅडमले फोन बी नाई केला. म्हटलं, घरात आधीच टेन्शन असन, काहून विचारावं."

रोहितला काही कळेना. तिने कोट बाहेर आणला. इस्त्री केलेला, लाकडी हँगरवर टांगलेला. चिखल नाही, चहा नाही, चिखलानं काळवंडलेलं 'रक्त' मिठाच्या थंड पाण्यानं उतरवलेलं. छातीवरचे चिरे, पाठीतलं भोक, जळक्या कडा, सगळं रफू. उजेडाकडे धरूनही दिसेना. पोरगा मोटरसायकलवरून पडला, मरता मरता वाचला, आणि लाजेनं कोणी बोलत नाही, असं समजून ही बाई पाच दिवस जागची उठली नव्हती. रोज दुवा मागत होती ते वेगळंच.

"आपा, हे काय केलं तुमी!" रोहित किंचाळला. "मुद्दाम फाडला होता तो!"

"कोणं?"

"आमी. मी. सगळ्यांनी. जुना दिसाले पाह्यजे ना!"

रजियाबी खाली बसली. मग म्हणाली, "म्या शिवला. तूनं फाडला. म्या जोडला. आता काय म्हनतं?"

"आता पुन्हा फाडावा लागेल. गाडीला चार तास आहेत. कैची द्या."

मी म्हटलं, "रोहित, चालता हो इथून." पण तो आधीच कैचीकडे वाकला होता. रजियाबीनं त्याच्या हातावर फटका मारला, चांगला मोठा.

"कैचीले हात नोको लावू! कपडा कापाची हाय ते, कपडा खराब कराची नाई." आणि मग, मला वाटलं ती आता त्याला हाकलणार, तेव्हा तिने विचारलं, "असाच नेला तं पास नाई होनार?"

"नाही आपा. म्हणतील भाड्यानं आणला."

"अन् मंग सात कोट?"

रोहितनं नकारार्थी मान हलवली.

रजियाबीनं कोट मांडीवर घेतला. "छातीवर काहून फाडला होता?"

"गोळी लागली होती. लढाईत."

"छातीत तीन गोळ्या लागल्या, अन् तू कोट घालून फिरून राह्यला? कबरीतून आला काय?"

मला हसू आलं, रोहितला नाही.

"कपडा असा नाई फाटत, बेटा. चाळीस साल मी फाटकेच कपडे पाहून राह्यली. कपडा सांगते मानूस कसा बसते, कोन्या हातानं जेवते. तूयी तलवार कोन्या बाजूले लटकते?"

"डाव्या. पट्टा उजव्या खांद्यावरून."

"मंग उजव्या खांद्यावरची लव जाईन. डाव्या मांडीवर मूठ घासन. कोपर जाईन, बाहीची कड जाईन. खिशाचं तोंड उजवंच जाईन, डावं नाई. अन् पाठ? पाठ शेवटपर्यंत नवीच राह्यते."

असं म्हणून ती उठली, मोरीतून विटेचा तुकडा घेऊन आली, आणि स्वतःच्या हातानं शिवलेल्या, स्वतःच्या हातानं जोडलेल्या कोटाचं कोपर घासायला लागली.

मी बघू शकले नाही, तरी बघत बसले. खर्र, खर्र. बनातीची लव उडायला लागली. ती मध्येच थांबायची, बोट फिरवायची, पुन्हा घासायची. कडेचे दोन दोरे सुईनं उचलून तोडले, फक्त दोन. रोहितला कोट घालून वीस वेळा बसायला-उठायला लावलं आणि जिथे सुरकुत्या पडल्या तिथेच ओला हात फिरवून वाळवलं. तीन तासांनी तो कोट असा दिसत होता की कुणीतरी त्यात वीस वर्षं झोपलंय, जेवलंय, घाम गाळलाय. मला त्याला हात लावायची इच्छा होईना.

कोट पास झाला. नुसता पास नाही, तपासणाऱ्या गृहस्थांनी अस्तर उलटून पाहिलं आणि रोहितला विचारलं, हा खरा जुना तुला कुठे मिळाला? त्यानं सांगितलं, अकोल्याच्या रजियाबींनी शिवला. बाकीच्या टोळ्यांचे कोट लुटुपुटीच्या लढाईत काखेत उसवले. याचा शेवटपर्यंत शाबूत. टोळीच्या उरलेल्या सहा कोटांचं काम आलंच, वर बेंगळुरूवाल्यांचं चार कोटांचं.

फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले तर खोलीभर निळी-काळी बनात. दोन कोट तयार होते, नवे कोरे, सुरेख. तिसऱ्याला ती विटेनं घासत होती.

"रजियाबी, तुला काही वाटत नाही? आयुष्यभर भोकं बुजवलीस आणि आता ही घाण?"

तिने डोकंही वर केलं नाही. "तुमी नाई का मॅडम, एका हातानं पोरं शिकवली, अन् त्याच हातानं नापास केली?"

"ते वेगळं."

"हे बी वेगळंच हाय. हा कोट मी कापला, मी शिवला, अन् मीच जुना केला. ह्याच्यात कोनाच्या बापाचा हात नाई." मग लाल रंग लावून पाहिलेला कापडाचा एक तुकडा माझ्यापुढे धरला. "त्यायले रगत पाह्यजे. जुनं. पोरायनं लाल रंग देल्ला पाठवून, मले पटत नाई."

तो लाल रंग खरंच अडाणी होता. कुंकवासारखा. जुनं रक्त कधी लाल असतं का? "काथाचं पाणी घे, चिमूटभर हिराकस टाक, काळपट होईल," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात दारात एक बाई आली. भातकुलीहून आले म्हणाली, लेकीकडे मुक्कामाला. हातात जांभळी साडी, काठाजवळ खिळ्यात अडकून पडलेलं भोक. "लेक म्हने, रजियाबीकडेच ने. दिसतच नाई म्हने मंग."

"रफू बंद हाय," रजियाबी म्हणाली. "कोट शिवाचा असन तं बोल."

"कोट कोन घालते व माय आमच्यात?"

"मंग तिकडं, चौकात पाह्य. तेथी एक जन बसते."

बाई साडी घडी करत परत गेली. चौकातला तो मनुष्य कसं काम करतो ते मला माहीत आहे. मशीननं वरून ठिगळ मारतो, तेही दुसऱ्या रंगाचं. साडी चांगली होती आणि भोक करंगळीच्या नखाएवढं. दहा मिनिटांचं काम होतं.